तिसरे दार : वसाहतींच्या इतिहासांची तुलना आणि पीडितांची एकजूट

वसाहतवाद म्हणजे एका समाजाने दुसऱ्या समाजाची जमीन, श्रम आणि कायदा ताब्यात घेऊन त्याला त्याच्याच देशात परक्याचा अंकित करणे, ही व्याख्या मान्य केली तरी निरनिराळ्या वसाहतींच्या इतिहासांची तुलना कोणत्या पायावर करावी हा प्रश्न शिल्लक राहतोच. सर्वसाधारणपणे ही तुलना दुःखांची होते. कोणाचे हाल अधिक आणि कोणाची गुलामी जुनी, असे मोजमाप एकदा सुरू झाले की पीडितांमध्येच चढाओढ लागते. उलट सर्वांचे दुःख एकच आहे असे म्हणून टाकले, तर प्रत्येकाच्या इतिहासातला टोचणारा तपशील बोथट होतो आणि एकजुटीची भाषा सभेपुरती उरते. या व्याख्यानात तुलनेचा वेगळा पाया सुचवला आहे. राज्य करण्याची साधने, म्हणजे नोंदवही, परवाना, हजेरी, तारेचे कुंपण आणि बोटांचा ठसा, एका वसाहतीतून दुसरीत कशी गेली, कोणाच्या हातून गेली, आणि त्यांना विरोध करताना कोणी कोणाला मागे सोडले, हे पाहणे हा तो पाया होय. बंगळुरात हा विषय मांडण्याला विशेष औचित्य आहे, कारण या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी, उत्तर कर्नाटकातील हुबळी आणि विजापूर, महाराष्ट्रातील सोलापूर आणि आफ्रिकेतील जोहान्सबर्ग ही ठिकाणे एकाच साधनाच्या प्रवासाने जोडलेली आहेत, आणि तरीही त्यांचा इतिहास एकत्र वाचण्याची सवय मराठी वाचकाला किंवा कन्नड वाचकाला लागलेली नाही.

हे साधन म्हणजे बोटांचा ठसा. १८५७ च्या उठावानंतर एका वर्षाने, जुलै १८५८ मध्ये, बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारनाम्याच्या पाठीवर तेलमिश्रित शाईने माखलेल्या तळहाताचा ठसा घेतला. कंत्राटदाराने पुढे आपली सही नाकारू नये, त्याच्या मनात धाक राहावा, एवढाच हेतू तेव्हा होता, आणि हर्शेलने स्वतःच तो नंतर लिहून ठेवला. एका कराराच्या कागदावर उमटलेल्या या ठशामागे शास्त्र नव्हते. देशी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या देहालाच साक्षीला उभे केले पाहिजे, ही राज्यकर्त्याची समजूत होती. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना हर्शेलने निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग यांसाठी ठसे वापरले. पुढे बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालचे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी दहा बोटांच्या ठशांचे १०२४ गटांत वर्गीकरण करण्याची रीत बसवली. लाखो ठशांतून एक ठसा काही मिनिटांत शोधून काढणे या रीतीमुळे शक्य झाले, आणि १८९७ मध्ये सरकारने ती स्वीकारली. तिला नाव मात्र हेन्रींचे मिळाले. १९०० मध्ये हेन्रींना जोहान्सबर्गच्या पोलिसांची घडी बसवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आले आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये ठशांचा विभाग सुरू झाला. वसाहतीत तयार झालेले साधन आधी दुसऱ्या वसाहतीत आणि मग राजधानीत गेले. सुधारणा लंडनमध्ये जन्मतात आणि तेथून वसाहतींत झिरपतात, हा पाठ्यपुस्तकांतून रुजलेला समज या एका उदाहरणाने ढासळतो.

भारतात या साधनाला सर्वांत निर्दय रूप मिळाले ते गुन्हेगार जमाती कायद्यात. १८७१ चा हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह तो सर्वत्र लागू करण्याची वाट मोकळी झाली. या कायद्यानुसार एखादी संपूर्ण जमात सरकारी अधिसूचनेने गुन्हेगार ठरवता येत असे. त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केले आहे की नाही, हा प्रश्नच उरत नसे. त्याला नाव नोंदवावे लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. कैकाडी, पारधी, भामटा, मांग गारुडी, कंजारभाट, छप्परबंद अशा अनेक जमाती मुंबई इलाख्यात या जाळ्यात सापडल्या, आणि त्यांच्यासाठी सोलापूर, बारामती, हुबळी, गदग, विजापूर येथे सेटलमेंट उभ्या राहिल्या. सेटलमेंट म्हणजे कुंपणाने वेढलेली आणि पहाऱ्याखाली ठेवलेली वस्ती. तिच्यातील माणसे सकाळी हजेरी देऊन गिरणीत किंवा रेल्वेच्या कामावर जात आणि संध्याकाळी पुन्हा हजेरीला उभी राहत. सुधारणेच्या नावाने चालणारी ही व्यवस्था कारखान्यांना आणि बांधकामांना स्वस्त, पळून न जाणारे मजूरही पुरवत होती. मुले आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. याच सुमारास ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्याने आणि त्याच्या १९१५ च्या दुरुस्तीने आदिवासी मुलांना कुटुंबांतून काढून नेण्याची सत्ता सरकारकडे आली. तेथे या सत्तेला नाव होते संरक्षण, येथे सुधारणा.

या कायद्याचा पाया पाहिला म्हणजे वसाहतींची तुलना भारतात अधिक अवघड का होते, ते कळते. कायद्याच्या समर्थनार्थ असा युक्तिवाद करण्यात आला होता की या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्याअर्थी गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. इंग्रजांनी हा विचार विलायतेतून आणलेला नव्हता. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरवणारी जातिव्यवस्था येथे आधीपासून होती, आणि परक्या राज्याने तिच्यावर नोंदवही आणि पोलीस यांची जोड चढवली. गावच्या पाटलाला आणि कुलकर्ण्याला भटक्यांची पाले गावकुसाजवळ नको होती. आता त्यांना हाकलण्यासाठी कायद्याचा आधार मिळाला. म्हणून या जमातींच्या दृष्टीने पाहिले तर देशी सत्ता आणि परकी सत्ता यांच्यात जी स्पष्ट रेषा राष्ट्रीय इतिहासात ओढली जाते, ती तशी दिसत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना तो अर्पण केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. शूद्रातिशूद्रांवर लादलेली भटशाही ही त्यांच्या मते जुनी आणि अधिक खोल गेलेली परसत्ता होती, आणि इंग्रजी राज्य ही तिच्यातून मोकळे होण्याची एक अपुरी संधी. त्यांच्या या इंग्रजी राज्याविषयीच्या आशेवर पुष्कळ टीका झाली आहे. परंतु समुद्रापलीकडच्या काळ्या गुलामांकडे पाहून आपल्या शेजारच्या महार-मांगांचे दास्य ओळखण्याची जी दृष्टी त्या अर्पणपत्रिकेत आहे, ती त्या काळच्या राष्ट्रवादी लेखनात क्वचितच आढळते. हाच त्या अर्पणपत्रिकेचा खरा अर्थ आहे, आणि महाराष्ट्राने तिचा अभिमान बाळगताना त्या अर्थाचे ओझेही वाहिले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेत हेच साधन वेगळ्या लोकांवर चालले. १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिसरात सोने सापडल्यावर खोल खाणींसाठी स्वस्त आणि बांधलेले मजूर लागू लागले; आफ्रिकन मजुरांना परवान्याच्या कायद्याने जखडले गेले, आणि १९०४ पासून करारबद्ध चिनी मजूर, सुमारे ६३ हजार, दहा बोटांचे ठसे घेऊन खाणीत उतरवले गेले. १९०६ मध्ये जोहान्सबर्ग ज्यात होते त्या ट्रान्सवाल वसाहतीच्या सरकारने आशियाई लोकांसाठी असाच हुकूम काढला: आठ वर्षांवरील प्रत्येकाने नोंदणी करावी, ठसे द्यावेत आणि नोंदणीपत्र बरोबर बाळगावे. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये भारतीयांनी हा हुकूम न पाळण्याची शपथ घेतली आणि सत्याग्रहाचा उगम झाला. १९०८ मध्ये स्वखुशीने नोंदणी करण्याची तडजोड गांधीजींनी स्वीकारली, तेव्हा ठसे देणे हा अपमान मानणाऱ्या मीर आलम या पठाणाने त्यांना भररस्त्यात मारले. आणि सरकारने शब्द फिरवल्यावर त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे जाळण्यात आली. वसाहतींच्या इतिहासातील हा एक थोर प्रसंग आहे, यात शंका नाही.

परंतु त्याच्या युक्तिवादाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ठशांवरील हेन्रींचे पुस्तक वाचून गांधीजींची समजूत झाली होती की दहा बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात. म्हणून इभ्रतदार व्यापाऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना गुन्हेगारांच्या पंक्तीला बसवणे हा त्यांच्या मते अपमान होता. भारतात जे जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले होते, त्यांची आठवण या युक्तिवादात कुठेही नाही, आणि खाणीच्या फाटकावर रोज परवाना दाखवणाऱ्या आफ्रिकनाचीही नाही. त्याआधी डर्बनच्या टपाल कचेरीला दोन दारे होती, एक गोऱ्यांसाठी आणि दुसरे आफ्रिकन व आशियाई यांच्यासाठी एकत्र. गांधीजींच्या नाताळ इंडियन काँग्रेसने तक्रार केली आणि भारतीयांसाठी तिसरे दार काढून मिळवले. हे यश त्या काळी चळवळीचे यश म्हणून नोंदले गेले. पुढील आयुष्यात गांधीजींची दृष्टी पुष्कळ व्यापक झाली, आणि एका माणसाच्या तरुणपणातील मर्यादेवरून त्याचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा असा आहे की पीडितांच्या चळवळींना वेळोवेळी पडणारा मोह या तिसऱ्या दारात अत्यंत स्वच्छ दिसतो: दारांची व्यवस्था तशीच राहू द्यावी, फक्त खालच्यांपासून आपला उंबरा वेगळा करून घ्यावा. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला ही मागणी मागणीच वाटत नाही, ती स्वाभाविक वाटते, आणि म्हणूनच भारतीय चळवळींनी हा मोह इतरांपेक्षा अधिक कठोरपणे तपासला पाहिजे.

केनियात नेमके याच्या उलट उदाहरण घडले. तेथे १९१५ चा नोंदणीचा कायदा १९१९ पासून अमलात आला, आणि सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला किपांदे, म्हणजे नाव, ठसे आणि मालकाचा शेरा असलेले नोंदणीपत्र, धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावे लागले. भारतीयांना किपांदेची सक्ती नव्हती. त्यांचा झगडा मताधिकार आणि डोंगराळ प्रदेशातील जमिनी यांसाठी गोऱ्या वसाहतकारांशी होता, आणि त्यांच्यातील अनेक दुकानदार आफ्रिकन गिऱ्हाइकाशी सचोटीने वागत नसत, ही तक्रारही खरी होती. असे असताना नैरोबीतील ‘ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल’चे संपादक मणिलाल देसाई यांनी किपांदेविरुद्ध उभ्या राहिलेल्या हॅरी थुकूला आपला छापखाना आणि कचेरी खुली केली. मार्च १९२२ मध्ये थुकूला अटक झाली, त्याच्या सुटकेसाठी जमलेल्या जमावावर १६ मार्चला गोळीबार झाला, आणि त्यात अनेक माणसे मेली. देसाई यांना स्वतःच्या गळ्यात डबी अडकवावी लागली नव्हती, तरी ज्याच्या गळ्यात होती त्याची पत्रके त्यांनी छापली. एकजूट या शब्दाला जर काही ठोस अर्थ असेल, तर तो अशा छापखान्यात सापडतो.

आता कोलारकडे वळावे. १८८० च्या दशकात जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीने म्हैसूर संस्थानातील या खाणी हाती घेतल्या. १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षे प्रत्यक्ष इंग्रजांच्या कारभाराखाली राहिल्यावर हे संस्थान वडियार घराण्याला परत मिळालेले होते, आणि प्रगतिशील संस्थान म्हणून त्याची कीर्ती पुढे वाढत गेली. १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील वीज सुमारे १४७ किलोमीटर लांब वाहून आणली, ती शहर उजळण्यासाठी नव्हे, तर या खाणी चालवण्यासाठी. खाली उतरणारे मजूर प्रामुख्याने उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ भागांतील दलित होते. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले आणि क्लब एका बाजूला, तट्टीच्या झोपड्यांच्या रांगा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या खाली तीन किलोमीटरपेक्षा खोल गेलेली चॅम्पियन रीफ, अशी ती वस्ती होती. १९३० मध्ये मजुरांची बोटांच्या ठशांसह नोंदणी करण्याचे ठरले, तेव्हा हजारो मजुरांनी काम बंद ठेवले आणि खाणी तीन आठवडे ठप्प झाल्या. त्या मजुरांनी जोहान्सबर्गचे नाव ऐकले होते की नाही, हे येथे महत्त्वाचे नाही. ज्या साधनाने तेथील खाणीतला माणूस बांधला गेला, तेच साधन देशी राजाच्या राज्यात आपल्यावर येते आहे, हे त्यांच्या विरोधातून इतिहासात नोंदले गेले. विशेष म्हणजे याच मजुरांच्या वस्तीत, मारिकुप्पम येथे, तमिळ दलित विचारवंत अयोती दासर यांनी मद्रासमध्ये १८९८ मध्ये स्थापन केलेल्या शाक्य बौद्ध संघाची शाखा नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतराच्या कितीतरी आधी काम करत होती. महाराष्ट्रातील बौद्ध चळवळीच्या इतिहासात कोलारचा उल्लेख एवढा त्रोटक का, याचे उत्तर भाषेच्या भिंतीशिवाय दुसरे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे काम या सर्व धाग्यांना स्पर्श करते, आणि तुलनेची शिस्त म्हणजे काय, हेही त्यांच्याकडून शिकता येते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणजे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचा कारभार पाहणारे अधिकारी, आणि आंबेडकर तिचे सदस्य होते. ज्या राज्ययंत्रणेने एकीकडे कुंपणे उभारली, तिच्याच कागदोपत्री शाळा, जमीन आणि नोकऱ्या यांच्या शिफारशी करून घेण्याचे हे काम होते. यातला ताण त्यांनी लपवला नाही आणि कामही टाकले नाही. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी वारंवार केली, पण दोन्ही एकच आहेत असे कधी म्हटले नाही. गुलाम मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असे, अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नसे, हा फरक त्यांनी ठामपणे मांडला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी मानवशास्त्रीय मोजमापांच्या आधारे अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे असल्याचे मत खोडून काढले, म्हणजे ज्या आर्य-अनार्य सिद्धांतावर फुल्यांची मांडणी उभी होती, तो पायाच गुरुस्थानी मानलेल्या फुल्यांचा आदर न सोडता बाजूला केला. वंशाची भाषा ही स्वतःच वसाहतीच्या ज्ञानव्यवहारातून आली होती, आणि शत्रूने दिलेल्या मापाने आपली बाजू मोजण्यातला धोका त्यांनी ओळखला होता.

हा धोका पुढे खुद्द बंगळुरातही दिसला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा अमेरिकेतील ओकलंड येथे १९६६ मध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव तिने घेतले, परंतु जाहीरनाम्यात दलित शब्दाची व्याप्ती भूमिहीन, मजूर, स्त्रिया आणि धर्माच्या नावावर पिळले जाणारे सर्व यांच्यापर्यंत नेली. व्याख्या शोषणावर बेतलेली होती, रंगावर नव्हे. १९८१ पासून बंगळुरातून व्ही. टी. राजशेखर यांनी ‘दलित व्हॉइस’ हे नियतकालिक चालवले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपर्यंत दलितांचा प्रश्न पोहोचवण्याचे मोठे काम केले. पण भारतातील दलित हे आफ्रिकी वंशाचेच आहेत, असे ठरवण्याकडे त्यांचा कल होता, आणि पुढे त्या नियतकालिकात ज्यूंविषयीचा द्वेषही शिरला. एका समूहाशी नाते जोडण्यासाठी रक्ताची खूण शोधावी लागली की दुसऱ्या एखाद्या समूहाला रक्तानेच शत्रू ठरवणे फार दूर राहत नाही.

याच्या शेजारी आंबेडकरांचे १९४६ चे एक पत्र ठेवले म्हणजे अंतर लक्षात येते. त्या वर्षी त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना लिहिले ते अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागण्यासाठी. अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. द्यु बॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तर देऊन सहानुभूती कळवली, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतःचा सविस्तर अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. त्या पत्रव्यवहारात रक्ताचे नाते नाही. आहे ती मसुद्याची मागणी. राज्य करण्याची साधने जर एका खंडातून दुसऱ्या खंडात जाऊ शकतात, तर दाद मागण्याची साधनेही गेली पाहिजेत, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. २००१ मध्ये डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे येऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला, आणि जात म्हणजे वंश नव्हे हे कारण पुढे केले. कारण खरे होते, वापर खोटा होता.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त ठरल्या. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या मनातली नोंदवही चालूच राहिली. तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत या जमातींविषयी उरलेल्या जन्मसिद्ध गुन्हेगारीच्या कलमांना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले, म्हणजे रद्द झालेला कायदा बहात्तर वर्षे पुस्तिकांतून जिवंत होता. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तोडून नेलेल्या मुलांविषयी २००८ मध्ये संसदेत क्षमा मागितली. भारताच्या संसदेत तसा प्रसंग आलेला नाही.

ठशाचा प्रवासही थांबलेला नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले, आणि या योजनेची तंत्रयंत्रणा मोठ्या प्रमाणावर बंगळुरात उभी राहिली. तिला न्यायालयात आव्हान देणारे मुख्य अर्जदार, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, हेही याच शहरातले होते. हक्काचे धान्य पोचवण्यासाठी घेतलेला ठसा आणि जन्मतः संशयित मानून घेतलेला ठसा यांना एकच म्हणणे चुकीचे ठरेल, आणि तशी तुलना करणारे विमुक्तांच्या इतिहासावर अन्यायच करतात. परंतु ऊसतोड किंवा बांधकामाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईला रेशन दुकानदार अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवतो, तेव्हा तिच्या शब्दापेक्षा तिच्या देहाची साक्ष मोठी मानण्याची जंगीपूरची रीत तेथे पुन्हा उभी राहते, हे सांगणेही तितकेच आवश्यक आहे.

या अभ्यासाचे पहिले काम जवळचे आहे आणि ते बंगळुरातील मराठी माणसाला शक्य आहे. सोलापूर, हुबळी, गदग आणि विजापूरच्या सेटलमेंट एकाच मुंबई इलाख्याच्या कारभारात होत्या. राज्यपुनर्रचनेनंतर त्यांतील माणसे दोन राज्यांत गेली आणि त्यांचा इतिहास दोन भाषांत तुटला. बेळगावच्या वादात दोन्ही बाजूंनी शंभरदा मोजलेल्या गावांमध्ये या वस्त्यांची गणती कोणी केली नाही. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या मराठी आत्मकथनांतील जग हुबळीच्या वाचकाला ओळखीचे आहे, कोलारच्या तमिळ मजुरांचा बौद्ध इतिहास नागपूरच्या वाचकाला हवा आहे, आणि तीन भाषा कानावर असलेली माणसे सर्वांत अधिक याच शहरात राहतात. मुंबईच्या पुरालेखागारातील सेटलमेंटचे कागद, म्हैसूर संस्थानाच्या दप्तरातील खाणींचे कागद आणि या वस्त्यांतील वृद्धांच्या आठवणी एकत्र आणून मराठी, कन्नड आणि तमिळ अशा तिन्ही भाषांत छापणे, हे काम कोणत्याही एका विद्यापीठाच्या परवानगीची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे. सेटलमेंटच्या कुंपणाआड वाढलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे.